गौरींच्या दागिन्यांचा डबा : घरगुती उजाळ्याचे एक प्रकरण

सांगलीतील माझ्या मामांच्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा अशा उभ्याच्या गौरी बसतात आणि त्यांच्या अंगावर घालायचे दागिने वर्षभर एका स्टीलच्या डब्यात राहतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन अशा तीन दिवसांपुरता तो डबा उघडतो. विसर्जनानंतर हळदीकुंकवाचे कण, अत्तराचा हात आणि भाद्रपदातील दमट हवा यांच्यासह सगळे दागिने जसेच्या तसे पुन्हा डब्यात जातात. या लेखातील प्रकरण त्याच डब्याचे आहे. आवाहनाला आठ दिवस राहिले असताना मामींनी मला बोलावून घेतले, तोपर्यंत दोन दागिन्यांचे नुकसान होऊन गेले होते आणि तिसरा दागिना गॅसवर ठेवलेल्या पातेल्याशेजारी आपल्या पाळीची वाट पाहत होता.

दागिने घरीच धुण्याचा निर्णय अविचाराने झालेला नव्हता. मागच्या गल्लीतील एका वृद्ध बाईंच्या बांगड्या दारावर आलेल्या दोघा तरुणांनी ‘पॉलिश’ करून दिल्या होत्या. त्यांनी बांगड्या एका पातळ द्रवात बुडवून काढल्या, मग हळदीच्या पाण्यासह डब्यात बंद केल्या आणि ‘अर्ध्या तासाने उघडा’ असे सांगून ते निघून गेले. बांगड्या चकचकीत झाल्या होत्या, पण वजनाला उतरल्या होत्या. असा द्रव बहुधा अम्लराज, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल यांचे मिश्रण असतो. या दोहोंपैकी कोणतेही एक आम्ल एकटे सोने विरघळवू शकत नाही, दोन्ही मिळून मात्र ते काम सहज करतात, आणि विरघळलेले सोने त्या द्रवातूनच घराबाहेर जाते. पोलीस अशा टोळ्यांविषयी वारंवार सावध करतात, तरी दरवर्षी कोणी ना कोणी फसतेच. त्यामुळे डबा कोणाच्याही हाती द्यायचा नाही, घरीच उजाळायचे, असे मामींनी ठरवले आणि काम सुनेकडे सोपवले. सुनेने मोबाईलवर पाहिलेले उपाय एकेक करून पाहिले. टूथपेस्ट, लिंबू आणि सोड्याचे उकळते पाणी ही तिन्ही साधने घरात होती आणि तिन्ही ‘हमखास’ म्हणून सांगितलेली होती.

टूथपेस्ट ज्या हारावर लावली तो एक ग्रॅम सोन्याचा, म्हणजे तांब्यापितळेवर सोन्याचा मुलामा दिलेला लक्ष्मीहार होता. टूथपेस्टमध्ये दातांवरचा थर खरवडण्यासाठी सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट यांची बारीक भुकटी घातलेली असते. मोह्स यांच्या काठिण्यश्रेणीत, जिथे आकडा मोठा तितकी वस्तू कठीण, सोने आणि चांदी दोन्ही अडीच ते तीनच्या घरात बसतात, कॅल्शियम कार्बोनेट तीनवर आणि सिलिकेचीच बनलेली गारगोटी सातवर असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, आणि अशा हारांवरचा मुलामा केसाच्या जाडीचा एक बारीकसा अंशच असतो. जुन्या ब्रशने पाच मिनिटे घासल्यावर हाराच्या उंचवट्यांवर तांबूस धातू दिसू लागला, तेव्हा सुनेला वाटले की मळ अजून निघायचा आहे, म्हणून तिने आणखी घासले. ही चूक मला फार शिकवण्याजोगी वाटली, कारण मुलामा निघण्याचा रंग आणि मळ उरल्याचा रंग सारखाच दिसू शकतो, आणि घासणारा हात थांबण्याऐवजी अधिक जोर लावतो.

नथीचे नुकसान अधिक दुखणारे होते. ती मामींच्या सासूबाईंची, बासरा म्हणजे आखातातील नैसर्गिक मोत्यांची, सोन्याच्या तारेत गुंफलेली. लिंबाच्या रसाने तांब्याचा तांब्या लखलखतो हे घरातील प्रत्येक बाईला ठाऊक असते, त्यामुळे नथ वाटीभर लिंबूपाण्यात अर्धा तास ठेवली गेली. मोती हा मुळात कॅल्शियम कार्बोनेट आहे. त्याचे सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीचे अगणित पापुद्रे सेंद्रिय द्रव्याने एकमेकांना चिकटून एकावर एक बसलेले असतात, आणि त्या पापुद्र्यांमधून परतणाऱ्या प्रकाशामुळे मोत्याला ते आतून आल्यासारखे पाणी दिसते. सायट्रिक आम्ल वरचे पापुद्रे खाते आणि मोती खडूसारखा निस्तेज होतो. वाटीत बारीक बुडबुडे दिसत होते, असे सुनेने स्वतःच सांगितले. ते बुडबुडे मळाचे नव्हते. मोती विरघळताना निघणारा तो कार्बन डायऑक्साइड होता. गेलेले पापुद्रे कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. चिंच, व्हिनेगर आणि आमसुलाचे पाणी यांनाही हाच नियम लागू आहे, आणि पोवळेही कॅल्शियम कार्बोनेटचेच असल्याने मंगळासाठी घातलेल्या पोवळ्याच्या अंगठीलाही.

पातेल्याशेजारी ठेवलेली बोरमाळ मात्र वाचली. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण परक्या घरांसाठी सांगितलेले उपाय आपल्या दागिन्यांना का लागू पडत नाहीत ते तिच्यात नेमके दिसते. बोरमाळेचा मणी भरीव सोन्याचा नसतो. सोन्याच्या पातळ पत्र्याचा पोकळ मणी घडवून त्यात लाख भरलेली असते. कोल्हापुरी साजातील मणी आणि मोहनमाळेचे कित्येक प्रकारही असेच असतात. लाखेमुळे मणी हलका राहतो, चेपत नाही, आणि थोड्या सोन्यात भरगच्च दागिना होतो. सराफ असा दागिना मोडीत घेताना लाखेचे वजन वजा करतो ते याच कारणाने. लाख हा एका किड्याचा स्राव आहे. ती साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ होते आणि क्षारयुक्त पाण्यात विरघळू लागते. खाण्याचा सोडा पाण्यात उकळला की त्यातील काही भागाचे धुण्याच्या सोड्यात रूपांतर होते आणि पाणी आणखी क्षारीय बनते. म्हणजे त्या पातेल्यात लाखेचे दोन्ही शत्रू एकत्र होते. माळ त्यात पडली असती तर भोकांतून तपकिरी लाख बाहेर आली असती, दोरा चिकट झाला असता आणि पोकळ झालेले मणी पुढे नुसत्या बोटाच्या दाबाने चेपले असते. वरून पाहणाऱ्याला मात्र माळ चकचकीतच दिसली असती.

मी गॅस बंद केला आणि पुढचा एक तास काहीही धुतले नाही. जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा जमिनीवर पसरून सगळे दागिने त्यावर मांडले. सोने, चांदी आणि नकली अशी धातूवार वाटणी मामी करू लागल्या होत्या, पण ती पुरेशी नव्हती. मी विचारलेला प्रश्न वेगळा होता : या दागिन्यात सर्वांत नाजूक वस्तू कोणती आहे? नथीत ती मोती होती, बोरमाळेत लाख, ठुशीत रेशमी दोरा, पाचूच्या अंगठीत तेल आणि लक्ष्मीहारात मुलामा. सोने या यादीत एकदाही आले नाही. बावीस कॅरटचे सोने, ज्यात हजारात ९१६ भाग सोने आणि उरलेला भाग तांबे व चांदी असतो, हवेने किंवा साबणाने बिघडत नाही. त्याच्यावर जो काळेपणा दिसतो तो अंगाच्या तेलाचा, पावडरीचा, कुंकवाचा आणि धुळीचा लेप असतो, धातूचा विकार नसतो. म्हणून सोन्याला खरवडणारे किंवा जाळणारे काही लावण्याची मुळात गरजच नसते. लेप सैल करणारे काहीतरी पुरते.

मामींनी तेव्हा जे सांगितले ते मी वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले आहे : “अगं, आमच्या सासूबाई रिठ्याच्या पाण्यातच धुवायच्या सगळं. आम्हालाच ते जुनाट वाटलं.” सोनारांच्या पेढीवरही पिढ्यान्पिढ्या रिठाच वापरला जातो. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची फेस आणणारी द्रव्ये असतात आणि ती तेलकट मळ पाण्यात सोडवतात. त्यांत खरवडणारा कण नसतो, आणि तीव्र क्षारही नसतो. आम्ही दहा-बारा रिठे फोडून बिया काढल्या, साली रात्रभर पाण्यात भिजवल्या आणि सकाळी ते पाणी कपड्यातून गाळून कोमट केले. ज्यांच्याकडे रिठे नाहीत त्यांनी भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब वाटीभर कोमट पाण्यात घातले तरी काम तेवढेच होते. रिठ्यात काही गूढ शक्ती आहे असे मला म्हणायचे नाही.

पाटल्या, बिलवर आणि एक साखळी यांचे काम दहा मिनिटांत झाले. आधी लहान मुलांच्या दातांच्या मऊ ब्रशने सांध्यांतून आणि नक्षीतून हलका हात फिरवला, मग साध्या पाण्यात दोनदा बुडवून मऊ सुती कापडावर ठेवले. हे सगळे बेसिनमध्ये न करता परातीत चाळणी ठेवून केले, कारण सैल झालेला खडा किंवा फिरकी एकदा मोरीच्या जाळीतून गेली की गेलीच. पाटल्यांवर हॉलमार्कचा शिक्का होता, तो भिंगाने पाहून घेतला. डब्यातील बाकीच्या जुन्या दागिन्यांवर असा शिक्का नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते, कारण देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला तो १६ जून २०२१ पासून. धुण्याच्या पाण्यात चिमूटभर हळद घालावी म्हणजे सोने पिवळे दिसते, असा मामींचा आग्रह होता. मी तो मानला नाही. हळद सोन्यावर बसत नाही, पण दोऱ्यावर, मोत्याच्या भोकात आणि कोंदणाच्या कडेला कायमची बसते.

ठुशी पाण्यात बुडवली नाही. तिचे बारीक मणी रेशमी दोऱ्यात विणलेले होते आणि मागचा गोंडा घामाने कडक झाला होता. असा दोरा भिजला की फुगतो, वाळताना आखडतो आणि मण्यांच्या धारेवर कापला जातो. रिठ्याच्या पाण्यात कापड पिळून त्याने मणी पुसले, मग साध्या ओल्या कापडाने, मग कोरड्या कापडाने. बोरमाळेलाही हाच उपचार केला. दोन्ही दागिने नव्याने गाठवून घ्यायला हवेत असे पटवेकऱ्याला दाखवल्यावर त्यानेही सांगितले, आणि ते काम घरी करण्याचे नाही. पाचूच्या अंगठीला साबणाच्या कोमट पाण्याचा बोळा क्षणभर लावून पुसून घेतले. पाचू काठिण्याने साडेसात ते आठ असला तरी त्यात बहुधा नैसर्गिक चिरा असतात, त्या झाकण्यासाठी त्यात तेल मुरवलेले असते, आणि गरम पाणी, स्पिरिट किंवा सराफाकडील ध्वनिलहरींचे यंत्र यांनी ते तेल निघून गेले की खडा एकाएकी धुरकट व तडकलेला दिसू लागतो.

चांदीचा प्रश्न स्वभावानेच वेगळा आहे. पैंजण, जोडवी, कमरपट्टा आणि अत्तरदाणी यांवरचा काळेपणा मळ नव्हता. तो सिल्व्हर सल्फाइड होता. हवेतील हायड्रोजन सल्फाइडसारखी गंधकाची संयुगे चांदीच्या पृष्ठभागाशी जोडली जातात आणि आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी निळसर काळा असा थर चढत जातो. दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. हा थर साबणाने सुटत नाही, कारण तो चिकटलेला नसून चांदीचाच बनलेला असतो. आपल्याकडे चांदीची भांडी रांगोळीने, भस्माने किंवा दंतमंजनाने घासण्याची रीत आहे. तिने भांडे चमकते यात शंका नाही, पण प्रत्येक घासणीबरोबर काळी झालेली चांदी कायमची निघून जाते. जुन्या निरांजनांवरची नक्षी पुसट होते आणि ताम्हनातील नाव वाचता येत नाही, ते यामुळे. सराफाच्या पेढीवर यंत्राने उजाळा देतानाही धातूचा कण उडतोच. सराफ कट्ट्यावरची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन त्यातून सोने काढणारे झारेकरी त्याच कणांवर जगत आले आहेत.

यावर घरात उपलब्ध असलेला आणि विज्ञानाच्या दृष्टीने खरा उपाय म्हणजे ॲल्युमिनिअमचा कागद, ज्यात आपण पोळ्या गुंडाळतो तो. काचेच्या पसरट भांड्यात तो अंथरून त्यावर चांदीचे दागिने कागदाला टेकतील असे ठेवले, लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि तितकेच मीठ विरघळवून ते वर ओतले. सोड्यामुळे ॲल्युमिनिअमवरचे ऑक्साइडचे कवच निघते आणि उघडे पडलेले ॲल्युमिनिअम चांदीला जखडलेले गंधक आपल्याकडे ओढून घेते, म्हणजे काळ्या थरातील चांदी पुन्हा चांदी होऊन बऱ्याच अंशी दागिन्यावरच राहते. यात घासणे नाही. काही मिनिटांत भांड्यातून कुजक्या अंड्यासारखा मंद वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. ज्या दागिन्याचा कागदाशी स्पर्श होत नाही तो काळाच राहतो. सुनेने घाईत जोडव्यांचा एक जोड कमरपट्ट्याच्या वर टाकला होता, तो तसाच निघाला आणि पुन्हा ठेवावा लागला.

या टप्प्यावर एक चूक माझी स्वतःची झाली. पैंजणांची जोडी चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरी गावची होती, आणि तिच्या वेलबुट्टीच्या खोलगट भागात कारागिराने मुद्दाम काळपट छटा ठेवलेली होती, जेणेकरून उंचावरची पाने उठून दिसावीत. ती छटाही सल्फाइडचीच असते, आणि ॲल्युमिनिअमला कारागिराचा काळा आणि कपाटाचा काळा यांत फरक कळत नाही. दहा मिनिटांनी पैंजण बाहेर काढले तेव्हा ते एकसारखे पांढरे, किंचित खडूसारखे आणि नक्षी नसल्यासारखे सपाट दिसत होते. मामी काही बोलल्या नाहीत, फक्त पैंजण उलटेपालटे करून पाहत राहिल्या. मऊ कापडाने उंचवटे पुसल्यावर थोडी चमक आली, खोलगटातील छाया मात्र आली नाही. ती आता वर्षावर्षांनी आपोआप येईल किंवा कारागिराकडून करून घ्यावी लागेल. नक्षीदार चांदी पूर्ण बुडवण्याऐवजी कापडानेच पुसावी, आणि बुडवायचीच असेल तर आधी दोन मिनिटे बुडवून पाहावी, हे मला माहीत असायला हवे होते. शिवाय पैंजणांच्या घुंगरांमध्ये पाणी अडकते. ते झटकून, कापडावर पसरून दिवसभर पंख्याखाली ठेवले नाही तर आतून पुन्हा काळेपणा सुरू होतो.

जोडव्यांपैकी एका जोडाला उजाळा दिल्यावर कडेने तांबूस झाक दिसली. तो दोष धुण्याचा नव्हता. चांदीत तांबे जास्त मिसळलेले होते आणि वरचा शुद्ध चांदीचा हात झिजला होता. घरी यावर उपाय नाही.

लक्ष्मीहार पुन्हा मुलामा देण्यासाठी दुकानात गेला. मुलाम्याच्या खर्चात तसाच नवा हार येईल असे दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले, पण मामींना तोच हवा होता. नथीतील दोन मोती बरे होते, बाकीचे निस्तेज झालेले मोती बदलण्यावाचून मार्ग नव्हता. बासरा मोती बसवायचा की संवर्धित, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी नथ आहे तशीच गौरीला घातली गेली. तिन्हीसांजेला समईच्या उजेडात मोत्यांचे पाणी गेले आहे हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नव्हते, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपैकी कोणी तितके जवळ गेले नाही. सुनेच्या मात्र ते तीनही दिवस नजरेतून सुटले नाही. तिने उपाय शोधले ते काळजीपोटी, आणि ज्या पद्धती तिने वापरल्या त्यांतील प्रत्येक एखाद्या वेगळ्या वस्तूसाठी बरोबरच होती : लिंबू तांब्यासाठी, टूथपेस्ट दातांसाठी आणि सोड्याचे पाणी साध्या, नक्षी नसलेल्या चांदीसाठी.

विसर्जनानंतर डबा पूर्वीसारखा भरला नाही. स्टीलचा तो एक डबा ठेवला, पण आत प्रत्येक दागिन्याला वेगळी पुडी झाली. मोती सुती कापडात ठेवले, कारण मोत्यात थोडा ओलावा असतो आणि हवाबंद प्लॅस्टिकमध्ये वर्षानुवर्षे कोंडल्यावर तो कोरडा पडून तडकू शकतो. चांदीसाठी नेमके उलट, म्हणजे हवा न शिरणारी पिशवी आणि आत ओलावा शोषणारी छोटी पुडी. वर्तमानपत्राचा कागद आणि लोकर दोन्ही वर्ज्य केले, कारण त्यांतील गंधकाने चांदी काळवंडते. मामींनी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चिठ्ठ्या लिहून पुड्यांत घातल्या : बोरमाळेवर ‘पाणी नको’, नथीवर ‘आंबट नको, साबण नको, कोरडे फडके’, पैंजणांवर ‘बुडवू नये’. अंगठीच्या चिठ्ठीवर त्यांनी मला विचारून ‘तेल आहे’ एवढेच लिहिले, त्याचा अर्थ पुढच्या पिढीला कसा लागेल ते पाहायचे.

पुढच्या भाद्रपदात मी मुद्दाम डबा उघडताना हजर राहिले. सोने कोरड्या कापडाने पुसण्यापुरतेच होते, चांदी बहुतांशी पांढरी होती. कमरपट्ट्यावर मात्र बोटभर रुंदीचा एक काळा पट्टा, दोरीने आखल्यासारखा सरळ, उमटलेला होता. पिशवी गच्च बंद राहावी म्हणून सुनेने तिच्यावरून रबर लावले होते, आणि रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधकच घातलेले असते.